आधी वर्गातला प्रश्न, मग प्रवेशाचा अर्ज

वऱ्हाडातल्या वरवट बकालच्या आजूबाजूच्या शाळांतले तरुण गुरुजी आणि मॅडम माझ्या निवृत्तीनंतरही घरी येतात. चहा होतो, बदल्यांच्या यादीवर बोलणं होतं आणि निघता निघता मूळ गोष्ट ओठांवर येते. "बाई, समोर शिकाव म्हणतो. एम.ए. करू का एम.एड.? मुक्त विद्यापीठाचं चालते का?" मीही नोकरी सांभाळूनच पुढचं शिकले. त्या काळात आमच्या मोठ्या गुरुजींनी मला जे कानात सांगितलं आणि पुढे अनुभवातून त्यात जी भर पडली, ते सगळं इथे दहा सल्ल्यांत लिहून ठेवते. ज्याला शिकवण्याचं काम मनापासून सुधारायचं आहे, त्याच्यासाठी हे आहे.

पहिला: वर्गात अडलेला प्रश्न आधी वहीत लिहा

कोणत्या विद्यापीठात जायचं हे नंतर ठरवा. आधी एक महिना वही जवळ ठेवा आणि शिकवताना आपण जिथे अडतो ती जागा लिहून काढा. "मुलं कच्ची आहेत" असं लिहू नका, त्यातून काही हाती लागत नाही. नेमकं काय घडलं ते लिहा.

एक उदाहरण देते. तिसरीतल्या मुलाला फळ्यावर ४२ वजा १७ दिलं. त्याने उत्तर काढलं ३५. कसं काढलंस विचारलं, तर म्हणाला, "दोनातून सात जात नाई, मंग सातातून दोन काहाडले." हंगाम कापूस वेचणीचा होता. त्यालाच विचारलं, तुझ्या मायने ४२ किलो वेचला, मावशीने १७ किलो, मायचा किती जास्त? पाटीकडे न बघता तो बोटांवर बोलला, "सतरा न् तीन वीस, वीस न् वीस चायीस, वर दोन. पंचवीस!" मुलगा तोच, आकडेही तेच. शेतातलं गणित बरोबर आलं आणि पाटीवरचं चुकलं.

मग प्रश्न असा लिहायचा: याच्या डोक्यात बेरजेने वजाबाकी करण्याची जी पद्धत आधीच आहे, तिच्यावरून मी त्याला दशक सुट्टं करण्यापर्यंत कशी नेऊ? असा प्रश्न हातात घेऊन तुम्ही शिक्षणशास्त्राचं पुस्तक उघडलंत, की पुस्तक तुमच्याशी बोलू लागतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात टेरेझिन्या कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमन या संशोधकांनी रस्त्यावर नारळ आणि फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. धंदा करताना त्या मुलांचे शंभरातले सुमारे ९८ हिशोब बरोबर येत होते. तसेच हिशोब कागदावर नुसते आकडे म्हणून मांडले, की जेमतेम ३७ टक्के बरोबर येत. आपल्या तिसरीच्या वर्गातला गोंधळ जगात आणखी कुणीतरी नीट पाहिला आहे आणि त्याचं कारण शोधलं आहे, हे कळणं हाच पुढे शिकण्याचा पहिला लाभ.

दुसरा: कोणती पदवी कशासाठी, ते समजून घ्या

डी.एड. झालेल्या शिक्षकासमोर साधारण तीन वाटा असतात.

एक वाट आपल्या विषयाची. सहावी ते आठवीला विज्ञान, गणित किंवा भाषा शिकवत असाल आणि विषयातच आपला हात आखडतो असं वाटत असेल, तर त्या विषयाची पदवी, मग पदव्युत्तर पदवी घ्या. विषय पक्का नसेल तर बाकीच्या सगळ्या युक्त्या वरवरच्या राहतात.

दुसरी वाट बी.एड. आणि मग एम.एड. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनंतर २०१५ पासून हे दोन्ही अभ्यासक्रम दोन-दोन वर्षांचे झाले. एम.एड. हा मुख्यतः पुढे शिक्षकांना घडवू पाहणाऱ्यांचा अभ्यासक्रम आहे आणि त्याला नियमित हजेरी लागते. नवीन शैक्षणिक धोरणामुळे शिक्षक-शिक्षणाची सगळी रचनाच हलते आहे. म्हणून चार वर्षांपूर्वी कुणी काय केलं यावर विसंबू नका. ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

तिसरी वाट शिक्षणशास्त्रातल्या एम.ए.ची. वर्गात रोज उभं राहणाऱ्या माणसाला ही वाट सगळ्यात जास्त देते असं माझं मत आहे. मूल कसं शिकतं, शाळा समाजात काय करते, मूल्यमापन म्हणजे काय, याचा ती विचार करायला लावते. नोकरी न सोडता ती करता येते. दिल्लीचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झालं. खेड्यापाड्यातल्या शिक्षकांच्या एका अख्ख्या पिढीला पुढच्या शिक्षणाचं दार या विद्यापीठांनी उघडून दिलं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २००६ मध्ये प्राथमिक शिक्षणातलं एम.ए. सुरू केलं, तेही काम करणाऱ्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून: काही काळ मुंबईत वर्ग आणि बाकीचा अभ्यास आपापल्या गावी. मुख्याध्यापकाची जबाबदारी ज्यांच्यावर येणार आहे, त्यांनी शालेय व्यवस्थापनाच्या पदविकेचा जरूर विचार करावा.

अभ्यासक्रम निवडताना तीन गोष्टी विचारा. मान्यता चालू आहे का? अभ्यासात शाळेतलं प्रत्यक्ष काम आणि प्रबंध आहे का? अडलं तर समोर बसून शिकवणारं माणूस अभ्यासकेंद्रावर भेटतं का? "हजेरीचं आम्ही पाहून घेऊ, तुम्ही फक्त परीक्षेला या," असं जिथे ऐकू येईल, तिथून उठून या.

तिसरा: कागद आधी, पुस्तकं नंतर

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने प्रवेश घेण्याआधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत, केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून वर जाऊ द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. ती आपल्याला लागू होते का, हे कार्यालयातल्या जाणत्या लिपिकाला विचारा. पदवी मिळाली की सेवापुस्तकात नोंद करून घ्या आणि ती नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. निवडश्रेणीच्या वेळी धावपळ करणाऱ्यांच्या अडचणी बहुतेक वेळा इथेच सुरू झालेल्या असतात.

एक गोष्ट मात्र मनात स्पष्ट ठेवा. वेतनश्रेणी हा तुमचा हक्क आहे, तो घ्याच. पण फक्त तेवढ्यासाठी शिकाल तर दोन वर्षं कंटाळ्यात जातील आणि वर्ग होता तिथेच राहील.

चौथा: गावाचं वेळापत्रक पाहून अभ्यास आखा

शहरातल्या माणसाचं वेळापत्रक आपल्याला चालत नाही. आपल्याकडे जून-जुलैत पेरणी, पटनोंदणी आणि शाळाबाह्य मुलांचा शोध एकदमच येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो, मोठी मुलं वेचणीला जातात आणि वर्ग अर्धा होतो. निवडणुकीचं काम आलं की संध्याकाळही आपली राहत नाही. विद्यापीठाची परीक्षा आणि शाळेची वार्षिक परीक्षा बऱ्याचदा एकाच वेळी येतात. शेगावला उत्सव असला की एसटीत पाय ठेवायला जागा नसते, आणि संपर्कवर्गाला किंवा रेल्वेला जायचं तर पूर्णा ओलांडून शेगावच गाठायचं असतं. पावसाळ्यात नदीला पूर आला की तेही राहतं.

म्हणून स्वाध्याय शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. पुस्तकं हातात आली की सगळ्या तारखा कॅलेंडरवर लिहून ते भिंतीवर लावा. पहाटेचा एक तास अभ्यासाचा, आणि तो रोजचा. रविवारी पाच तास बसेन म्हणणाऱ्यांचे रविवार लग्नांत, सारवणांत आणि पाहुण्यांत जातात. सकाळची शाळा असते त्या दिवसांत दुपार रिकामी मिळते. प्रबंधाचं लेखन त्या दिवसांसाठी राखून ठेवा.

वय झालं म्हणून मागे सरू नका. अनुताई वाघ १९१० साली जन्मल्या. बालपणीच वैधव्य आलं, तरी त्या शिक्षिका झाल्या. शिकवता शिकवताच मॅट्रिक झाल्या आणि पदवी घेतली ती वयाच्या पन्नाशीच्या सुमारास, कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवत असताना. त्यांच्या कामाला त्या पदवीची गरज होती असं कुणी म्हणणार नाही. त्यांना शिकायचं होतं, म्हणून त्या शिकल्या.

पाचवा: घरच्यांना सामील करून घ्या

हे खास बाईंसाठी सांगते. शाळेतून आल्यावर चूल, मुलांचा अभ्यास, सासू-सासऱ्यांची औषधं आणि त्यावर एम.ए., हे सगळं गुपचूप एकटीने ओढायचं ठरवलंत तर पहिल्या वर्षीच थकाल. प्रवेशाआधी घरातल्या सगळ्यांना बसवून सांगा: दोन वर्षं पहाटेचा हा तास माझा, परीक्षेच्या महिन्यात स्वयंपाकाची ही ही कामं तुमची. आणि गुरुजींनो, घरात बायको शिकत असेल तर भाकरी थापायला शिका. तिचा अभ्यास हा घराचा मान आहे.

सहावा: थोडं वाचा, पण दुसऱ्याला सांगता येईल असं वाचा

पदव्युत्तर अभ्यासातली इंग्रजी पुस्तकं पाहून पुष्कळ हुशार शिक्षक हबकतात. उपाय सोपा आहे. रोज दोन पानं. अडलेले शब्द समासात लिहा. मग पुस्तक मिटून, वाचलेलं आपल्या वऱ्हाडीत सोबतच्या शिक्षकाला सांगा. सांगता आलं तर समजलं. नाही आलं तर तीच पानं उद्या पुन्हा.

सुरुवात मात्र मराठीतून करा. गिजुभाई बधेका यांचं 'दिवास्वप्न' मुळात गुजराती आहे, पण मराठीत मिळतं आणि दोन बैठकांत वाचून होतं. लीलाताई पाटील यांची पुस्तकं वाचा. त्या अध्यापक महाविद्यालयात शिक्षकांना शिकवत होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात 'सृजन आनंद विद्यालय' ही प्राथमिक शाळा काढली आणि आयुष्यभर जे सांगितलं ते लहान मुलांच्या वर्गात करून पाहिलं. 'जीवन शिक्षण', 'पालकनीती' आणि 'शैक्षणिक संदर्भ' ही नियतकालिकं शाळेच्या वाचनालयात येतील असं पाहा. 'शोधगंगा' या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात. त्यांत आपल्या संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचेही आहेत, आणि मराठीत लिहिलेलेही पुष्कळ आहेत.

सातवा: विषय आपल्या मातीतला घ्या

प्रबंधाचा विषय निवडताना बहुतेक जण "अमुक तालुक्यातील शिक्षकांच्या अभिवृत्तीचा अभ्यास" असं काहीतरी घेतात, प्रश्नावली वाटतात, टक्केवारी काढतात आणि मोकळे होतात. त्यातून ना विद्यापीठाला काही मिळतं, ना शाळेला.

आपल्याकडे किती विषय दारात उभे आहेत ते पाहा. उत्तरेला सातपुडा आहे आणि त्याच्या पायथ्याच्या गावांतून कोरकू बोलणारी मुलं शाळेत येतात. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिचं नातं छोटा नागपूरच्या मुंडारी-संथाळीशी आहे, मराठीशी नाही. पलीकडे जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलणारी कुटुंबं आहेत. या भाषेचं जगातल्या कोणत्याही भाषेशी नातं अजून सिद्ध झालेलं नाही, म्हणून दूरदूरचे भाषाशास्त्रज्ञ तिचा अभ्यास करतात. अशा घरातलं मूल पहिलीत बसतं तेव्हा बाईंचे किती शब्द त्याला कळतात? चित्र दाखवून त्याच्या भाषेतला शब्द आधी विचारला आणि मराठी शब्द नंतर दिला, तर वाचनात काय फरक पडतो? पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला हा विषय शोधूनही सापडणार नाही. तुम्हाला तो रोज हजेरी देतो.

दुसरा विषय पाण्याचा. पूर्णेच्या काठचा आपला खारपाणपट्टा. विहिरीचं आणि बोअरचं खारं पाणी, त्याने होणारे मूत्रपिंडाचे आजार, पिकांवरचा परिणाम, हे सगळं मुलं घरी पाहतात. विज्ञानाच्या पुस्तकातला क्षारांचा धडा या पाण्याच्या बाटल्यांवरून शिकवला, तर मुलांना विद्राव्य क्षार म्हणजे काय हे अधिक टिकाऊ समजतं का? हा एम.ए.चा खणखणीत विषय आहे.

आणि तिसरा, आपल्या वऱ्हाडीचा. "मले", "तुले", "जाऊन रायलो" असं लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवर लाल रेघ मारायची, की घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा अशा दोन रकान्यांत तीच वाक्यं शेजारी शेजारी मांडायची? करून पाहा आणि नोंदवा.

आठवा: कृतिसंशोधन प्रामाणिकपणे करा

कृतिसंशोधन हा शब्द आपण इतक्या वेळा अहवालात लिहिला की त्यातला जीव गेला. अमेरिकेत स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये शिक्षकांसाठी यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: ज्याला अडचण येते त्यानेच तिचा अभ्यास करावा, कारण उपाय करायचा तोही त्यालाच.

पद्धत अशी. एक अडचण घ्या. छोट्या चाचणीने आजची स्थिती लिहून ठेवा. एकच बदल करा. एकाच वेळी पाच गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला हे कळत नाही. सहा-आठ आठवडे नेमाने तो बदल चालवा. रोज शाळा सुटल्यावर चार ओळी लिहा: आज काय केलं, कोण काय बोललं, कुठे अडलं. मुलांचे शब्द जसेच्या तसे लिहा. वर सांगितलेलं "सातातून दोन काहाडले" हे वाक्य वहीत नसतं, तर चुकीमागचं कारण कधीच हाती आलं नसतं. शेवटी तशीच चाचणी पुन्हा घ्या. फरक पडला नाही तर "फरक पडला नाही" असं लिहा. तोही निष्कर्षच आहे आणि पुढच्या शिक्षकाचे दोन महिने वाचवतो. मुलांची खरी नावं प्रबंधात घालू नका आणि पालकांना काय चाललं आहे ते समजावून सांगा.

तयार प्रकल्प विकत मिळतात, हे मला माहीत आहे. घेऊ नका. जो शिक्षक मुलांना "कॉपी करू नका" म्हणतो, त्याच्या कपाटात विकतचा प्रबंध असता कामा नये.

नववा: एकट्याने शिकू नका

तालुक्यातले दोन-तीन जण मिळून प्रवेश घ्या. एकाचा धीर सुटला तर दुसरा धरून ठेवतो. मार्गदर्शकांकडे कधी रिकाम्या हाताने जाऊ नका. एक पान लिहून न्या, त्यावर तीन प्रश्न न्या. लिहिलेलं पान समोर असलं की मार्गदर्शकही मन लावून बोलतात.

जपानमधल्या शिक्षकांची एक जुनी रीत आहे. चार-पाच शिक्षक मिळून एक पाठ आखतात. एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात बसून मुलांकडे पाहतात आणि नंतर सगळे बसून फक्त मुलं कुठे थबकली त्यावर बोलतात. शिकवणाऱ्यावर टीका नाही. आपली केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला होते. परिपत्रकांचं वाचन लवकर आटोपून त्यातला एक तास यासाठी काढा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. नुसत्या पडद्यासमोर बसून प्रमाणपत्र डाउनलोड करण्यापेक्षा हे तास एकमेकांच्या वर्गांत घालवले, तर ते खरोखर सार्थकी लागतील.

दहावा: पदवी मिळाल्यावर वर्गातच राहा

शिक्षण पूर्ण झालं की माणसाला वर्गाबाहेरचं काम खुणावू लागतं: साधनव्यक्ती, कार्यालय, बदली. ज्याला जायचं असेल त्याने जावं, तिथेही चांगल्या माणसांची गरज आहे. पण पदवीनंतर किमान काही वर्षं त्याच वर्गात काढा. शिकलेलं तिथे मुरतं. दरवर्षी एक पाठ मुळापासून नव्याने रचा आणि तो लिहून शेजारच्या शाळेला द्या. आणि तुमच्यानंतर एखादा नवा शिक्षक "समोर शिकाव म्हणतो" म्हणत दाराशी आला, तर त्याला वेळ द्या, तुमच्या नोट्स द्या, पुस्तकं द्या.

शेवटचं एकच सांगते. ज्या दिवशी अभ्यासाला बसाल, त्या दिवशी उद्याच्या तासाला यातलं काय नेणार ते वहीत एका ओळीत लिहा. ती ओळ रोज लिहिता येत असेल तर बिनधास्त एम.ए. करा, एम.एड. करा, पीएच.डी. करा. आपल्या झेडपीच्या शाळेतल्या मुलांना शहरातल्या कोणत्याही शाळेइतका शिकलेला शिक्षक मिळालाच पाहिजे. यंदाचा अर्ज भरा.